तुळईखालचा शनिवार

मी मुळातली भित्री. पालीला घाबरते, भरधाव येणाऱ्या एसटीला घाबरते, दारात तारवाला दिसला तरी मटकन खाली बसते. त्यामुळे लग्न होऊन त्या तालुक्याच्या गावी गेले आणि पहिल्याच शनिवारी आमच्या मशिदीचं छत पाहिलं, तेव्हा माझं प्रार्थनेत कसलं लक्ष लागतंय! आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इकडचे ज्यू, आमच्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आलो. मातीचं माळवद होतं आणि मधल्या तुळईला वाळवी लागली होती. बायका वरच्या सज्ज्यात बसत, म्हणजे ती तुळई बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायची.

मशिदीची देखभाल माझे सासरे करायचे. मामंजींचा एकच हट्ट होता, कुलूप लागू द्यायचं नाही. गावातली आमची घरं एकेक करून इस्राएलला गेली होती. मुंबईच्या वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, दहा पुरुष जमत नसतील तर सेफर मुंबईला पोचवा आणि दार बंद करा. सेफर म्हणजे आमचा धर्मग्रंथ, चामड्यावर हाताने लिहिलेला, गुंडाळलेला. दहा पुरुष असल्याशिवाय तो वाचनाला उघडत नाहीत. मामंजी म्हणायचे, आधी छत तर नीट करू. पण तो बाहत्तरचा दुष्काळ. गवंडी खडी फोडायच्या सरकारी कामावर जायचा. नवी तुळई नगरच्या वखारीतून आणायला त्याला सवड नव्हती. तोवर म्हणून त्याने एक टेकू लावून दिला होता.

शेवटची दोन कुटुंबं निघायची होती, त्याआधीचा तो शनिवार. मामंजींनी आसपासच्या गावांतून म्हातारेकोतारे गोळा केले. नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यातून माझा नवराही रजा काढून आला, तेव्हा कुठे दहा भरले. सेफर उघडला. सज्ज्यात बायका निरोपाच्या रडण्यात बुडाल्या होत्या आणि माझ्या मांडीवर माती पडली.

टेकू सरकला होता. तुळई माझ्या डोळ्यांदेखत खाली येत होती, अगदी हळू. ओरडावं, तर सेफर धरलेला माणूस दचकेल. तो हातून पडला तर बघणाऱ्या सगळ्यांना उपास घडतात, हे मला लहानपणापासून धाक घालून शिकवलेलं. मी कठड्यावरून नवऱ्याला खूण केली. त्याने मामंजींच्या खांद्याला हात लावला. मामंजींनी वर पाहिलं. त्यांना सगळं दिसलं. त्यांनी मान खाली घातली आणि पुढची ओळ वाचायला सांगितली. असा राग आला मला! दहा माणसं चिरडली तरी चालतील, पण वाचन थांबायला नको. एवढी भीती आणि एवढा राग एका वेळी मला पुन्हा कधी आला नाही.

मी जिना उतरले आणि अनवाणीच गवंड्याच्या घरी धावले. सुटीचा दिवस नव्हता, पण नशिबाने तापामुळे तो घरीच होता. त्याने ऐकलं, पण उठेना. "तुमच्या म्हाताऱ्यानं मला बजावलंय, शनवारी हत्यार आनायचं न्हाई."

"मी बोलावतेय," मी म्हणाले. "आत माझा नवरा आहे."

"मंग हत्याराबिगर येतो."

तो तसाच आला. दारात चपला काढल्या, टेकू दोन्ही हातांनी उभा केला, खाली एक दगड सारला आणि वाचन संपेपर्यंत टेकूला खांदा देऊन उभा राहिला. त्याचे पाय थरथरत होते. ते तापाने की भीतीने, कोण जाणे. कुणी मागे वळून पाहिलं नाही. सेफर गुंडाळून कपाटात ठेवला, तेव्हा मी दारात खाली बसले आणि मला उठता येईना.

दिवस मावळून शब्बाथ, म्हणजे आमचा काम वर्ज्य असलेला शनिवार, संपेपर्यंत मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. शब्बाथ मोडल्याबद्दल आता ऐकावं लागणार, म्हणून मी पदर आवळून बसले होते. नवरा रात्रपाळीसाठी नगरला निघून गेला, मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आत दहा माणसं होती, म्हणून तू धावलीस. बरं केलंस," ते म्हणाले. "पुढल्या शनिवारी आत मी एकटाच असेन, पोरी. तेव्हा धावू नकोस."

आवाज अगदी साधा होता, उद्या भाजी कुठली करायची हे सांगावं तसा. माझ्या अंगावर काटा आला.

पुढल्या शनिवारी मशिदीत ते होते आणि तो टेकू होता. मी सज्ज्याचा जिना चढले नाही. बायकांनी खाली बसायचं नसतं. मी जाऊन त्यांच्या शेजारी, तुळईच्या बरोबर खाली बसले. माझे दात वाजत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. सोमवारी तुळईसाठी वखारीत जाऊन यायला हवं, असं म्हणाले.