दारातनं परत गेलेला बुके

त्या दिवशी कळसच्या मांडवात आमी कोण कोण हुतो ते आधी सांगती, म्हंजी मागनं कुणी म्हणायला नको की म्हातारीला भास झाला. मी हौसाबाई. माझा थोरला भाऊ, सणसरचा, त्याला समदी दादाच म्हणत्यात. त्याची बायको कमळावहिनी. ज्याच्या पोरीचं लगीन हुतं त्यो आमचा चुलतभाऊ तात्या. आन् आमाला जीपमधनं घेऊन आलेला बापू, गावोगाव शीटा भरून वडापची जीप चालवणारा. बाकी मांडव भरून माणसं हुती, पण ह्या गोष्टीतली आमी एवढीच.

मी चौथी शिकलेली. वाचाय येतं, लिहाय हात चालत न्हाय. शेजारची रेखा सांच्याला मोबाईलवर तुमच्या ह्या पानावरचे भुताखेताचे, चमत्काराचे अनुभव वाचून दाखवती. मी ऐकती आन् हसती, कारण माझा असल्या गोष्टींवर कधीच इश्वास नव्हता. माझा मालक विहिरीचा गाळ काढताना गेला, तवा गाव म्हणलं विहिरीत कायतरी हाय, कोंबडं कापा. मी म्हणलं, विहिरीत काय न्हाय, दोर कुजका हुता. त्यो दोर मी हातात घेऊन बघितला हुता. तर मी असली बाई हाय. रेखा म्हणली, मावशी, तुमचं बी सांगा की. मी सांगती, ती लिहिती... चुकलंमाकलं तिचं.

मालक गेला तवा माझं पोरगं पाळण्यात हुतं. पुढच्या उन्हाळ्यात त्ये बी गेलं. सासरी मंग माझं काय राहिलं न्हाय. दादा आला, माझं गठुडं आपल्या डोक्यावर घेतलं आन् म्हणला, "चल." त्याच्या रानात मी खुरपलं, उसाच्या मोळ्या बांधल्या, आन् त्याची पोरगी सुवर्णा कडंवर घेऊन वाढवली. वहिनी तवा सारखी आजारी असायची. ह्ये एवढ्यासाठी सांगती, की दादापुढं मी कधी तोंड उघडत न्हाय. त्यानं मला दार उघडलंय.

पुढं बारामतीत सलीमभाईच्या फुलांच्या दुकानात काम मिळालं. आधी हार करायची, आता बुके बी बांधती. मी डावरी हाय, म्हणून माझी गाठ उलटी बसती. सलीमभाई म्हणतो, मावशी, तुमची गाठ सोडवायची म्हंजी पुढच्या माणसाला बी डावरंच व्हावं लागंल. पुण्या-मुंबईहून, परदेशातनं पोरांचे फोन येत्यात, आमच्या आई-बापाला बुके पोचवा. आता खेड्यापाड्यात पोचवायचा कसा? तर वडापच्या जीपमधी ड्रायव्हरच्या शेजारी ठेवायचा आन् त्यानंच घरात नेऊन द्यायचा. म्हाताऱ्या बायका बुके उलटापालटा करून बघत्यात. म्हणत्यात, ह्याची भाजी व्हईना, देवाला वाहावं तर तारा टोचत्यात, करायचं काय ह्याचं?

सुवर्णानं आपल्या मनानं लगीन केलं, जातीभायेर. त्या दिवसापासनं दादाच्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी. वहिनी चुलीपुढं बसून रडायची, मी काय बोलत नव्हते. पण सुवर्णा दुकानातल्या फोनवर माझ्याशी बोलायची.

गेल्या उन्हाळ्यात, लगीनसराई जोरात असताना, दादाला छातीत दुखलं म्हणून बारामतीच्या दवाखान्यात ठेवलेला. घरी सोडला, तवा सुवर्णाचा फोन आला. तिला बाळ झालेलं, दादानं त्याचं तोंड बघितलं नव्हतं. नवऱ्याची बदली गुजरातला झाली हुती, आठवड्यात निघायची हुती. मला म्हणली, "आत्ती, दादांना बुके पाठव. त्यांनी हातात घेतला तर मी बाळाला घेऊन येती. दारातनं परत दिला तर परत कधी इचारायची न्हाय."

मी बांधला. पिवळा जरबेरा आन् गुलछडी, दांड्यांना वल्ला कापूस. दादाला गुलछडीचा वास लय आवडतो. गुलछडी खालनं वर उमलत जाती, म्हणून मी खालच्या एक-दोन कळ्या उघडलेल्या आन् बाकी मिटलेल्या बघून बघून घेतल्या, म्हंजी चार दिवस घरात वास राहील. लगीनसराईनं फीत संपली हुती. मी पिशवीतलं माझं जुनं हिरवं लुगडं काढलं, त्याचा काठ फाडला आन् त्यानं बांधला. काठाला बारीक लाल रुईफुलाची नक्षी हाय, आन् एका जागी मी रफू केलेलं. आता असला काठ दुसऱ्याकडं असंल म्हणा, पण माझं रफू आन् माझी उलटी गाठ?

बापू घेऊन गेला. सांच्याला परत आला त्ये मान खाली घालूनच. दादा वसरीवर बसलेला. इचारलं, कुणी पाठवलंय? बापू म्हणला, लेकीनं. दादा म्हणला, मला लेक न्हाय, हे घेऊन जा. वहिनी दारात उभी हुती, तिनं हात पुढं केला हुता, त्यो मागं घेतला.

परत आलेलं फूल सलीमभाई दुकानात घेत न्हाय, एकाच्या नावानं बांधलेलं दुसऱ्याला इकायचं न्हाय, ह्यो त्याचा नेम. बापूला ठाऊक हुतं. जीप तशीच पुढं निमगाव केतकीला जाणार, तर त्यानं बुके तिथल्या मारुतीच्या पायरीला ठेवला. "फेकून कसा देऊ मावशी, फुलं ती," म्हणला. मी म्हणलं, बरं केलंस.

सुवर्णाला फोन मलाच करावा लागला. ती म्हणली, "बरं." आन् फोन ठेवला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी कळसला तात्याच्या पोरीचं लगीन. मी आदल्या दिवशी सणसरला गेले, सकाळी दादा, वहिनी आन् मी बापूच्या जीपमधनं कळसला. माझ्या हातात एक पिशवी, त्यात आहेराचं पातळ. ह्ये ध्यानात ठेवा.

आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी मांडवात सत्कार असत्यात. पयलं टोपी-टॉवेल असायचं, आता बुके. माईकवाला नावं घेत हुता, माणसं उठून जात हुती, आमच्या मागं एक म्हातारा म्हणत हुता, ह्यांचे सत्कार संपस्तोवर नवरीला नातवंडं व्हत्याल. तात्यानं इंदापूरहून लाल गुलाबाचे बुके आणलेले, मोजून, कुणाकुणाला द्यायचे ते ठरवून. तेवढ्यात एक पुढारी न बोलावता आला, आन् त्याला एक द्यावा लागला. झालं. तात्याचं तोंड उतरलं. कारण शेवटचं नाव दादाचं हुतं, घरातल्या वडीलमाणसाचं, आन् माईकवर ते पुकारून झालेलं. दादा उठून टेबलापर्यंत गेला बी. भर मांडवात वडीलमाणूस रिकाम्या हातानं परत, म्हंजी जन्माचं वैर.

तात्या लगीन झाल्यावर मला म्हणला, "हौसाक्का, मी टेबलाकडं बघतच नव्हतो. हात मागं नेला तो नुसता लाजंनं. तर हाताला बुके लागला."

त्यानं त्यो दादाच्या हातात दिला. मांडवात सत्काराला न्हाय म्हणता येत न्हाय. दादानं घेतला, फोटो काढला, आन् येऊन आमच्या शेजारी बसला. बसल्या बसल्या त्यानं वास घेतला.

मी बघितलं. पिवळा जरबेरा, गुलछडी. हिरवा काठ, लाल रुईफूल, रफू, उलटी गाठ.

मला भ्या वाटलं न्हाय, खरं सांगती. मला आधी फुलांचं नवल वाटलं. असल्या उन्हात जरबेरा पाण्याबिगर सांजंपर्यंत मान टाकतो. ह्याच्या माना सरळ हुत्या. गुलछडीच्या खालच्या एक-दोन कळ्या उघडलेल्या, बाकी मिटलेल्या. मी बांधली तशीच. चार-पाच दिवसांत एक कळी पुढं उमलली नव्हती. दांड्यांचा कापूस मी चिमटीत धरला, वल्ला हुता.

वहिनीनं बी काठ वळखला. माझं लुगडं तिनंच मला दिलेलं. ती माझ्याकडं बघाय लागली. मंग मी तोंड उघडलं.

"दादा, ह्यो बुके मी बांधलाय."

"तात्यानं तुझ्या दुकानातनं आणला व्हय?"

"न्हाय. ह्यो सुवर्णाचा हाय. तू दारातनं परत केलास, त्योच."

दादानं बुके फिरवून गाठ बघितली. मंग हळूच म्हणला, "हौसा, तू आणून ठिवलास हितं."

"तुझ्या शेजारी बसून आले मी. पिशवी बघ."

त्यानं पिशवी बघितली न्हाय. बापूला बोलावलं. बापू आला, बुके बघितला आन् तिथंच थांबला, जवळ काय येईना. "दादा, मी निमगावात मारुतीला ठिवलेला," म्हणला. "आईशप्पत. त्या दिवसापासनं डोळ्यानं बघितला न्हाय."

तेवढ्यात मंगलाष्टका सुरू झाल्या, समदी उभी राहिली. अक्षता वाटल्या. मला वाटलं दादा आता बुके खुर्चीवर ठेवंल. न्हाय ठेवला. डाव्या हातात बुके धरला आन् उजव्या हातानं अक्षता टाकल्या, शेवटपर्यंत. ताशा वाजाय लागला तवा वहिनीला म्हणला, पाण्याचा तांब्या दे. तांब्यातलं थोडं पाणी त्यानं दांड्यांच्या कापसावर वतलं. मंग माझ्याकडं न बघता म्हणला,

"फोन लाव तिला. म्हणावं, फुलं पोचली."

मी लावला. मला वाटलं ती उचलणार न्हाय. उचलला. मी तेवढंच बोलले, "सुवर्णा, फुलं पोचली बाय." पलीकडनं नुसतं बाळ कुरकुरत हुतं. दुसऱ्या दिवशी ती आली सणसरला, बाळाला घेऊन. गुजरातला जायचं सामान बांधून झालेलं, तरी आली. दादानं बाळ मांडीवर घेतलं, आन् ते त्याची मिशी वढाय लागलं तर वढू दिली.

बुके तिनं बघितला, पण तवर जरबेऱ्यानं माना टाकल्या हुत्या. एका रात्रीत. जसा टाकतो तसाच.

आता ह्याचं काय म्हणायचं? मी सोडलं न्हाय. निमगावला जाऊन गुरवाला इचारलं. तो म्हणला, सांच्याला पायरीवर बघितला हुता, सकाळी झाडायला आलो तर नव्हता, कुणीतरी नेला असंल. कळसला तात्याच्या घरात इचारलं. समदी म्हणली, आमी न्हाय ठेवला. इंदापूरच्या दुकानदाराला तात्यानं फोन केला, तर तो म्हणला, माझ्याकडं त्या दिवशी पिवळा जरबेराच नव्हता. मंग मी लग्नाची शूटिंग दोन-तीनदा बघितली. पुढाऱ्याला बुके देत्यात, टेबल रिकामं दिसतंय. मंग कॅमेऱ्याच्या पुढनं एक फेटा बांधलेला माणूस आडवा जातो. तो गेला की टेबलावर बुके हाय. फेटा तर मांडवात निम्म्या लोकांनी बांधलेला. तोंड दिसत न्हाय.

सलीमभाईचं म्हणणं असं, की कुणीतरी मारुतीपुढचा बुके उचलला, घरी फ्रिजमधी ठेवला आन् फुकटचा आहेर म्हणून कळसच्या लग्नात आणला. असंल. मला पटतं बी. पण मी वीस-पंचवीस वरसं फुलांत काढली, फ्रिजमधी गुलछडी मिटून राहिलेली मी बघितली न्हाय, ती काळी पडती. आन् आहेर आणणारा माणूस आपलं नाव सांगितल्याबिगर जात न्हाय. बापू म्हणतो, मारुतीनं पोचवला. वहिनी तर निमगावला नारळ फोडून आली. दादाला इचारलं तर म्हणला, "पोचला ना? मंग."

मला अजून बी मारुतीनं उचलला असं म्हणवत न्हाय. पण दुसरं काय, ते बी सांगता येत न्हाय.

तर वाचणाऱ्यांना एकच सांगणं हाय. गेल्या लगीनसराईत निमगाव केतकीच्या मारुतीच्या पायरीवरनं हिरव्या काठानं बांधलेला पिवळा बुके तुमी कुणी उचलला असंल, नायतर कळसच्या मांडवात टेबलावर ठेवला असंल, तर हितं खाली लिहा. रेखा मला वाचून दाखवंल. लाजू नका, चोरी म्हणणार न्हाय. तुमी त्यो मधले दिवस कुठं ठेवला हुता, तेवढं सांगा.