डाव्या हाताची लाठी

धावडा गावच्या तालमीत आमच्या बौद्धवाड्यातल्या लोकांना पाय ठेवू देत नव्हते; माती बाटायची म्हणे! म्हणून तातेराव लहानपणी तालमीसमोरच्या लिंबावर बसून लाठी शिकला. वस्तादाच्या उजव्या हातातली काठी समोरून बघताना आरशातल्यासारखी त्याला डावीकडं दिसायची. तो डाव्याच हातानं फिरवायला शिकला आणि तीच सवय हाडात बसली.

त्र्याहत्तर सालापासून अजिंठा बघायला आलेले गोरे पाहुणे त्याच्याकडं लाठी शिकायला थांबू लागले. आधी दोघं, मंग अकरा. हिवाळ्यात बौद्धवाड्यामागं अकरा काठ्या घुमायच्या, तेव्हा धुकंच गोल फिरून राह्यलंय असं वाटायचं.

एका पहाटे त्याच वस्तादाचा मुलगा मच्छिंद्र आला. आता तालीम त्याची होती.

"तातेराव, पाहुण्यांना घेऊन तालमीत ये. पण उजव्या हातानं शिकव. तुझं सगळं उलटं हाय."

ज्या दाराकडं बघत बालपण झाडावर गेलं, ते दार आज उघडलं होतं.

"मच्छिंद्रा, तुझ्या बापानं आत घेतलं असतं, तर बराबर सुलटं शिकलो असतो. आता बिलकुल न्हाई."

तातेरावानं काठी डाव्या हातात घेतली. मागं धुक्यात अकरा डावे हात वर गेले.