पानं चिकटली होती

तात्यांचे डोळे काचबिंदूने गेले, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी पेपर बंद केला. तात्या म्हणजे माझे सासरे. घाटनांदूरच्या बाजारात त्यांचं भुसार मालाचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की पेपर हातात घ्यायचा आणि शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढायचा, हा त्यांचा नेम होता. आता दुकान आमचे हे बघतात आणि तात्या पुढच्या खोलीत खाटेवर बसून असतात.

कादंबऱ्यांचं वेड घरात माझं एकटीचं. हे मालासाठी अंबाजोगाईला गेले की तिथल्या वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तक घेऊन येतात. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी वाचता वाचता हसले, तर तात्या म्हणाले, "एकटीच काहून हसायलीस? मोठ्यानं वाच की जरा."

तेव्हापासून मी त्यांना वाचून दाखवू लागले.

पहिली कादंबरी धरणात जाणाऱ्या एका गावाची होती. म्हैस व्याल्याशिवाय गाव सोडणार नाही म्हणून हटून बसलेली एक बाई त्यात होती. मनातल्या मनात वाचताना मला त्या कादंबरीतली वर्णनं फार आवडली होती. नदीवर पानंच्या पानं, धुक्यावर अर्धा धडा. मोठ्याने वाचायला लागले आणि माझीच जीभ थकली. तात्या तर घोरायला लागले. म्हैस आली, माणसं भांडायला लागली, की मात्र लगेच जागे. "नदी आली की झोपू दे मला," म्हणाले, "माणसं बोलायला लागली की उठीव." इतकी वर्षं सुंदर सुंदर म्हणत मी काय काय गिळत आले, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

दुसरीत आपल्याच भागातली दोन पोरं होती, एक मुलगा आणि एक मुलगी. परीक्षांच्या तयारीला शहरात खोल्या करून राहिलेली. कादंबरीचा लेखक बोलायला धीट आणि भाषा अगदी जिवंत. पण एका दुपारी ती दोघं एका खोलीत आली आणि दार लावून घेतलं. पुढचं मला ठाऊक नव्हतं. माझा आवाज खाली खाली जायला लागला.

"फॅन बंद कर," तात्या म्हणाले, "ऐकू येईना."

मी फॅन बंद केला, घसा साफ केला आणि मनाचंच जोडून म्हणाले, "ते दोघं बोलत बसले. मग सकाळ झाली."

तात्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "लई बोलतेत ही पोरं."

मी पदराने तोंड दाबून आत गेले. कान तापले होते. तेव्हापासून मी रोज पुढचा धडा आधी वाचून ठेवायला लागले. नको ती वाक्यं कुठून कुठवर गाळायची, ते मनाशी ठरवूनच बसायचे.

तिसरी कादंबरी वाचताना तेवढी सवड मिळाली नाही. लेक माहेरपणाला आली होती, घर भरलेलं. ही कादंबरी एका सुनेच्या तोंडून सांगितलेली. लहानसा फ्लॅट, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला सासरा आणि त्याचं सगळं करणारी ही. लिहिणारीला सगळं माहीत होतं. धुऊनही न जाणारा चादरीचा वास, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, "मी देते ना" म्हणताना दातांवर येणारे दात. मी वाचत होते आणि आतून दचकत होते. त्यात नदी नव्हती, धुकं नव्हतं. तात्या एकदाही झोपले नाहीत.

मग ते पान आलं. सून सकाळी चहा घेऊन दाराशी उभी राहते. म्हाताऱ्याच्या अंगावरचं पांघरूण हलतंय का ते बघते. ते हलत नाही, आणि तिला हलकं वाटतं. पुढच्या ओळीत ते हलतं.

माझी नजर त्या ओळीपर्यंत पोचली, तोंडातली ओळ अजून मागे होती.

हिवाळ्यात तात्यांना न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यातून घरी आणल्यावर महिनाभर त्यांचं सगळं मीच केलं. एका सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या दारात उभी होते. गोधडी हलत नव्हती. माझ्या मनात एकच शब्द आला, सुटलो. मग ते खोकले. मी आत गेले, त्यांना उठवून बसवलं, बशीत चहा ओतून दिला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यांनाही नाही.

मी दोन पानं एकदम उलटली.

"मग?" तात्या म्हणाले.

"तिनं चहा दिला त्याला."

"दोन पानं उलटलीस तू. आवाज आला मला."

"चिकटली होती."

"मग सोडव की."

"फाटतील, तात्या. वाचनालयाचं पुस्तक हाय."

ते "बरं" म्हणाले. मी पुढचं वाचलं, पण काय वाचलं ते मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचे जुने दोस्त आले. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचा फळांचा गाडा असतो, घरात आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. मी चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले, तर पुस्तक चाचांच्या हातात, माझ्या खुणेच्या मागची पानं उघडलेली. त्यांचं शिक्षण थोडं, ते ओळीखाली बोट धरून वाचतात, एकेक शब्द सुटा करून.

"पांघरूण... हलत... न्हवतं," चाचा वाचत होते. "आणि... मला..."

मला बघून ते थांबले.

"वाच, वाच," तात्या म्हणाले.

"...हलकं... वाटलं."

मी कप ठेवले. चाचांनी पुस्तक मिटलं आणि एकदम पपईचा भाव सांगायला लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. चहा पिऊन लगेच उठले.

ते गेल्यावर तात्या म्हणाले, "मला वाटलं, त्या पोरांसारखं कायतरी वंगाळ असंल. म्हणून वाचाया लावलं त्याला."

मी कप गोळा करत होते.

"यात तसं काय न्हाई. मग हे काहून गाळलंस?"

वाचून टाकलं असतं, तर ती पुस्तकातली कुठली तरी सून राहिली असती. गाळून मीच तिला आमच्या घरात आणून उभी केली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं ओठांवर आलं होतं. तेही निम्मं खोटं होतं, म्हणून बोलले नाही. हातातल्या बशा वाजायला लागल्या, तेवढ्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं असणार.

"लई किरकिऱ्या हाय त्यो म्हातारा," थोड्या वेळाने तात्याच म्हणाले. "मला बी आवडला न्हाई. ठेव कप, पुढचं वाच."

मी बसले आणि वाचलं. नंतरच्या दिवसांत एक शब्दही न गाळता शेवटपर्यंत वाचलं. शेवटी म्हातारा जातो आणि ती सून त्याची खोली रिकामी करत नाही. तात्यांना शेवट पटला नाही. "खोली कशाला अडवायची," म्हणाले. मला पटला होता, पण मी वाद घातला नाही.

एक मात्र झालं. सकाळी माझ्या बांगड्या त्यांच्या दाराशी वाजल्या की ते आता आधी खाकरतात. मी आत पाऊल टाकायच्या आधी. सवय म्हणून असेल, कफ असेल, असं मी स्वतःला सांगत असते. विचारायची हिंमत होत नाही. चहा पुढे करताना मान खालीच असते, त्यांना दिसत नाही तरी.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. वाचणारी मीच, म्हणून त्या मला हटकून विचारतात, नवीन काय वाचलं, आम्हाला सांग. धरणाची सांगितली. पोरांची सांगितली, दार लावल्याचं सांगितलं तेव्हा सगळ्या खूप हसल्या.

"आणि ती तिसरी?" शेजारीण म्हणाली. "खिडकीतून ऐकू यायची, सासऱ्याची की काय ती. कशी आहे?"

इतकी खरी कादंबरी मी कित्येक वर्षांत वाचली नव्हती.

"लांबण लावलंय उगीच," मी म्हणाले.