हावचा घोळ

त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी पुण्याहून लोह्याला नुकताच बदलून आलो होतो. चष्मा कपाळावर चढवून तो माझ्या कॉम्प्युटरमधलं नको असलेलं एकेक सॉफ्टवेअर काढत होता, आणि मुक्काम लांबवलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं प्रत्येकाला "चला, निघा आता" म्हणत होता.

"एवढं सगळं आलं कुठून?" मी विचारलं.

"तुमच्या हावनं, सर."

मी तडकलो. "मला हावरट म्हणता?"

"न्हाई हो! आमच्याकडं हाव म्हंजे हो. पडद्यावर काहीही विचारलं की तुम्ही न वाचताच हाव म्हणून राहिले."

जाता जाता त्यानं विचारलं, "फुकटातलं एक घड्याळ टाकून देऊ का पडद्यावर? लई झकास हाय."

मी म्हणालो, "हाव."