सतरा नंबरचा शिक्का

वहिनीला पहिल्यांदा कारखान्यात घेऊन गेलो, तेव्हा मुलाखत घेणाऱ्या साहेबाने विचारलं, "अनुभव काय?" ती म्हणाली, "अकरा वर्षं इस्त्री." साहेब हसला. मीही हसलो, कारण मला लाज वाटली. दादा जाऊन वर्षही झालं नव्हतं, घरात तिची शाळकरी मुलगी, आणि मी चार लोकांच्या हातापाया पडून ही भेट मिळवली होती. आणि ही बाई लाँड्रीतल्या इस्त्रीचं सांगत बसली! पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "कापड जळायच्या आधी वास येतो, साहेब. डाग पडल्यावर काय, कुणालाही कळतं." साहेबाचं हसणं थांबलं आणि त्याने तिला भट्टीवर घेतलं.

आमच्या कारखान्यात ग्राफिक्स कार्डं जोडतात. कॉम्प्युटरच्या पोटातला, पडद्यावर चित्रं काढणारा हा भाग. हातात घेतला तर विटेसारखा जड, वर तीन पंखे. जोडून झालेलं प्रत्येक कार्ड एका बंद, गरम खोलीत चोवीस तास पूर्ण ताकदीने पळवायचं. त्यात तगलं, तर तपासणाऱ्याने खोक्याच्या तळाशी आपल्या नंबरचा शिक्का मारायचा आणि ते माझ्या पॅकिंगच्या टेबलावर यायचं. त्या खोलीला आम्ही भट्टी म्हणायचो. वहिनीचा नंबर सतरा.

मीटर सगळ्यांकडेच होते. वहिनी मीटर बघायची आणि मग वाकून, जिथे वीज आत येते त्या प्लगपाशी वास घ्यायची. सुरुवातीला लोक म्हणायचे, मोठी आली नाकाने कांदे सोलणारी. पण तिने बाजूला काढलेली कार्डं इंजिनिअरांनी उघडली, तेव्हा प्लगची आतली कड तपकिरी निघाली. एकदा नाही, चार वेळा. सतरा नंबरचं कार्ड कधी परत येत नाही, हे दुकानांपर्यंत पोचलं आणि गिऱ्हाईकंही खोकं उलटं करून नंबर बघू लागली. मग तिचं नावच 'नाक' पडलं. "नाक आलं का?" "नाक जेवायला गेलंय." तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र राग यायचा. आता कळतं, तो थोडा हेवाही होता. मी तिच्या आधी सहा वर्षं तिथे होतो आणि मला कुणी साधं टोपणनावही दिलं नव्हतं.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचा कारखाना. त्यांचं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे, 'समोरचे' म्हणायचे. समोरच्यांच्या फाटकातून एक ट्रक जास्त निघाला, की आमच्याकडे मीटिंग. आमचं नवं कार्ड मार्चमध्ये यायचं होतं. पहिला लॉट वहिनीने अडवला, वास येतो म्हणून. कंपनीने जगाला सांगितलं, सुटे भाग मिळत नाहीत. प्लग बदलले, जून आला. जूनमध्ये समोरच्यांनी त्यांचं नवं कार्ड दाखवलं, ते आमच्यापेक्षा वेगवान, म्हणून आमच्यांनी पुन्हा सगळं उचकटलं. ऑगस्ट आला. मग समोरच्यांनी जाहीर केलं, बारा सप्टेंबर. त्याच संध्याकाळी आमच्या मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, नऊ सप्टेंबर. जाहीर केलं त्या दिवशी आमच्याकडे एकही कार्ड तयार नव्हतं.

आणि घरी वेगळाच तगादा. दादाची मुलगी आता कमावती झाली होती. बांधायच्या आधीच इमारती पडद्यावर आतून-बाहेरून फिरवून दाखवायचं तिचं काम. जुन्या मशीनवर एका इमारतीला दोन-दोन दिवस लागायचे. नवं कार्ड येईल या भरवशावर तिने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम घेऊन ठेवलं होतं. रोज जिन्यातून हाक, "काका, आता तरी तारीख पक्की ना?"

घाईत प्लगचा पुरवठादार बदलला. नव्या लॉटचं पहिलं कार्ड भट्टीतून निघालं, तशी वहिनीने मान हलवली. मॅनेजरने भट्टीची वेळ चोवीस तासांवरून चार तासांवर आणली.

"साहेब, वास दहाव्या तासाला येतोय," वहिनी म्हणाली. "चार तासांत सगळी कार्डं चांगलीच दिसणार."

तो चिडला नाही. त्याचीच मला भीती वाटली. तो म्हणाला, "बाई, तुमचे गुडघे दुखतात ना? आठ दिवस सुट्टी घ्या. पगार चालू."

वहिनी काय ते समजली. शिक्का फाटकाबाहेर न्यायचा नाही असा नियम होता, म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. "भाऊजी, कुणाला देऊ नका."

"अहो वहिनी, मी काय परका आहे?" मी म्हणालो.

ती बहिणीकडे गेली. जाताना मुलीला बजावून गेली, "घ्यायचंच असेल तर माझा नंबर बघून घे. नाहीतर थांब." नव्या लॉटवर सतरा नंबर असणारच नाही, अशी तिची खात्री होती. मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. "सतरा नंबर तुमच्याकडे आहे म्हणे. दुकानदार तोच नंबर मागतात."

"कुणाला द्यायचा नाही, असं सांगितलंय साहेब."

"मग देऊ नका ना," तो म्हणाला. "तुम्हीच मारा."

मी मारला. तीन दिवस मारत होतो. भीती होतीच, नोकरीची. पुतणीचा चेहराही डोळ्यासमोर होता, खोटं कशाला बोलू. पण खरं सांगायचं तर मनात असंही आलं, की एका बाईच्या नाकासाठी सगळ्या कारखान्याने किती दिवस अडून बसायचं? नाक म्हणजे काय देव लागून गेला? असं म्हणत मी शाई लावत होतो.

नऊ तारखेला दुकानांपुढे रांगा लागल्या. संध्याकाळी पुतणी खोकं कडेवर घेऊन आली, पोर घेतात तसं. "काका, अकरा खोकी उलटी केली! दुकानदार वैतागला. पण आईचा नंबर मिळेपर्यंत हललेच नाही."

मी खोकं उलटं केलं. सतरा. मी म्हणालो, "छान झालं."

दहा तारखेला कारखान्याने सगळ्यांना सुट्टी दिली, समोरच्यांना हरवल्याची. सकाळी सहाला डोक्यावर, वरच्या खोलीत, पंख्यांची घरघर सुरू झाली. पुतणीने मोठं काम लावलं होतं. मी घड्याळ बघत बसलो. दहा वाजले, चार तास. बारा, सहा तास. एक वाजता वर गेलो आणि म्हणालो, "जरा वेळ बंद कर की. तापेल."

"मधेच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून, काका. आणि आईचा शिक्का आहे त्यावर, काही होत नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी खाली आलो. अजून तीन तास आहेत, असा हिशेब केला. माझ्यासारखा भेकड माणूस शोधून सापडणार नाही.

साडेतीनला वहिनी आली. दोन दिवस लवकर, चैन पडेना म्हणून. पिशवी हातात तशीच, जिना चढायला लागली आणि तिसऱ्या पायरीवर थांबली. मी मागे होतो, मला कसलाही वास आला नाही. तिने पिशवी टाकली. गुडघे दुखणारी बाई कशी पळाली देव जाणे. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग उपसला, तेव्हा कुठे पुतणी किंचाळली, "आई! नऊ तासांचं काम होतं!"

वहिनीने कार्ड बाहेर काढलं, पदर गुंडाळून. प्लगची कड मधासारखी तपकिरी. मग तिने कोपऱ्यातलं खोकं उचललं, उलटं केलं. अकरा वर्षांच्या इस्त्रीने तिचं मनगट वाकडं झालंय; तिचा शिक्का नेहमी तिरका पडतो. हा शिक्का पट्टीने आखल्यासारखा सरळ होता.

पुतणी रडत बोलतच होती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"भाऊजी, असे किती?"

मी तीन दिवसांचा आकडा मनात जुळवला.

"चार हजार शंभर," मी म्हणालो.

"कुठे आहेत?"

पत्त्यांची लेबलं मीच चिकटवली होती. सगळी दुकानं मला पाठ होती. पण दुकानांत आता काही नव्हतं. सगळं कालच संपलं होतं. आणि सहा महिने वाट बघून आणलेलं कार्ड कुणी दोन तासांत बंद करत नाही.

"लोकांच्या घरी," मी म्हणालो.

वहिनी खुर्चीत बसली. खोकं मांडीवर. सरळ शिक्क्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "माझा नंबर बघून घेतली असतील."