मोकळा हात

डोंबिवलीला आमच्या कंपनीत आम्ही बायका इलेक्ट्रॉनिकच्या बारीक कॉइल गुंडाळतो. कंपनी वाढवायची म्हणून गावकऱ्यांची सरकारी जनसुनावणी होती. सुपरवायझर म्हणालेले, कंपनीच्या बाजूनं हात वर करा, नाहीतर उद्या येऊ नका. मी घाबरलेलीच, त्यात कडेवर पोरगी रडत होती.

शेजारी हिरव्या लुगड्यातली म्हातारी होती. तिची विहीर कंपनीच्या भिंतीलगत, पाण्याला वास येतो, तेच सांगायला आलेली. पदरानं पोरीचं नाक पुसत म्हणाली, “दे गो मना, हात दुखलं असतील तुझं.” आणि पोरीला माझ्याकडून खांद्यावर घेऊन थोपटू लागली.

मग सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी विचारलं, वाढवायला कोण कोण तयार? आणि मी तोच मोकळा झालेला हात वर केला. म्हातारीनं पाहिलं, पण थोपटणं थांबवलं नाही.

निघताना एवढंच बोलली, “निजलीय गो, हलू घे.”

मला तिच्याकडं बघवेना.