भिंतीकडची जागा

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा सोलापुरात बालकल्याण समितीच्या बैठकीत आम्ही त्यांचीच वाट बघत होतो. सांगोल्याकडच्या आठ-नऊ वर्षांच्या कोमलला चुलत्याच्या घरी ठेवायचं की निवासी उपचार केंद्रात पाठवायचं, हे त्या पाहणी करून सांगणार होत्या. आई वारल्यापासून पोर कुणाशी बोलत नव्हती, नीट जेवत नव्हती. ताईंची एक भेट झाली होती, दुसरी राहिली...

मुलाची गरज जोखायची ताईंची रीत न्यारी होती. घरी जायचं, मूल जिथं निजतं तिथं भरदुपारी आडवं व्हायचं आणि गप्प पडून राहायचं. "मोठ्यांच्या तोंडून घर चांगलंच असतं गं, खाली पडून बघ," म्हणायच्या. मी चिडवायचे, "ताई, सरकारी कामावर झोपा काढता!" त्या हसायच्या, आणि कधीकधी खरोखरच घोरायच्या. पोरांची अशी पारख मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्यांच्यावाचून फार सुनं वाटतं, हे सरळच सांगते.

राहिलेली भेट माझ्या गळ्यात पडली. काही आठवड्यांनी मी त्या चुलत्याच्या घरी गेले. "आमच्यानं न्हाय व्हत बाई, न्या तिला," कोमलची चुलती म्हणाली. ताईंच्या रीतीनं मी पोरीच्या वाकळेवर आडवी व्हायला वाकले, तोच कोपऱ्यातून आवाज आला, "भिताडाकडं नगा. तितं त्या बाई हायत."

चुलतीच्या हातातलं सूप खाली पडलं. कितीतरी महिन्यांनी ती हा आवाज ऐकत होती.

"कोण बाई गं?" मी विचारलं.

"त्या घोरत्यात न्हवं, त्या. काल बी आल्त्या."

ताई गेल्याचं त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी एवढंच विचारलं, "केंद्रात जाशील का, कोमल?"

"जाईन की. त्या बाई बी येत असल्या तर."

"येतील," मी म्हणाले.

उपचारांची गरज होतीच, डॉक्टरांचंही तेच मत पडलं. आता कोमल केंद्रात असते. जेवते, दोन शब्द बोलते. परवा दुपारी भेटायला गेले, तर पलंगाच्या अगदी कडेला अंग चोरून पडली होती.

"पडशील गं, सरक की आत."

"कुटं सरकू?" तिनं डोळ्यांनीच भिंतीकडं दाखवलं. तिथली चादर चुरगळलेली होती, उशी मधोमध दबलेली...

खोलीत खुर्ची नव्हती. मी पायथ्याशी, कडेवरच टेकले.